अपशब्दाचे पुण्य

माणसाची बोली ही स्वतंत्र भाषा आहे की एखाद्या मोठ्या भाषेची पोटबोली, हा प्रश्न वरवर पाहता व्याकरणकारांचा आणि जनगणनेच्या अधिकाऱ्यांचा वाटतो. परंतु ती बोली बोलणारा माणूस देवापुढे हात जोडून उभा राहिला की तोच प्रश्न धर्माचा होतो, कारण मग विचारावे लागते की आराध्य दैवत नेमके कशाला ओ देते: शब्दाच्या शुद्ध रूपाला, त्यामागच्या अर्थाला, की शुद्धता आणि अर्थ दोन्ही हरवल्यावरही मागे उरणाऱ्या उच्चाराला. भारतीय शास्त्रकारांनी या प्रश्नाचा खल फार पूर्वीच केला आहे, आणि तो खल वर्तमानाच्या कसोटीवर घासून पाहायचा तर मराठी मुलखात सोलापूरइतके सोयीचे दुसरे ठिकाण सहज सापडणार नाही. कारण या एका शहरात मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी या चार बोली शेजारीशेजारी नांदतात, त्यांतली एकही पुस्तकातल्यासारखी बोलली जात नाही, आणि तरीही गावाची मोठी यात्रा त्या सर्वांची मिळून एकच असते.

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात लिहिल्या गेलेल्या महाभाष्याच्या आरंभीच पतंजलीने ‘अपशब्द’ ही संज्ञा वापरली आहे. आजच्या मराठीत अपशब्द म्हणजे शिवी; पतंजलीच्या लेखी मात्र अपशब्द किंवा अपभ्रंश म्हणजे व्याकरणाने मान्य केलेल्या ‘साधु’ शब्दाचे लोकांच्या तोंडी झालेले वेगळे रूप. त्याने दिलेले उदाहरण गायीचे आहे: ‘गो’ हा शब्द एक, आणि त्याचे गावी, गोणी, गोता, गोपोतलिका असे अपभ्रंश अनेक. मराठी माणूस ज्या शब्दाने आपल्या गोठ्यातले जनावर ओळखतो तो ‘गाय’ हा शब्दही या यादीत सुखाने बसला असता. महत्त्वाचे आहे ते यापुढचे विवेचन. साधु शब्द आणि अपशब्द या दोहोंतून अर्थ सारखाच समजतो, हे पतंजली मोकळेपणाने मान्य करतो; मग व्याकरण कशासाठी, तर धर्मासाठी, म्हणजे अर्थ दोन्हींतून कळत असला तरी पुण्य केवळ साधु शब्दाच्या प्रयोगानेच लाभते, असा नियम घालण्यासाठी. भूक कोणत्याही अन्नाने भागते, तरी काय खावे आणि काय खाऊ नये याचा नियम असतो, तसाच हा नियम. या एका पायरीवर समजणे आणि पुण्य मिळणे यांची ताटातूट झाली, आणि पुढची दोन हजार वर्षे बोलीभाषेत देवाशी बोलणाऱ्या प्रत्येकाला या ताटातुटीला या ना त्या प्रकारे उत्तर द्यावे लागले.

शब्द आणि अर्थ यांचे नाते कशाने जुळते, यावर दर्शनांचे दोन मोठे पक्ष पडले. मीमांसक, म्हणजे वेदवाक्यांच्या अर्थनिर्णयाचे शास्त्र रचणारे, हे नाते ‘औत्पत्तिक’ मानतात. ते कोणी बांधलेले नाही, म्हणून ते कोणी तोडूही शकत नाही. नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांच्या, मते हे नाते ‘संकेत’ आहे, म्हणजे या शब्दाने हा अर्थ समजावा अशी ठरवणूक. मात्र ही ठरवणूक मूळची ईश्वराची असल्यामुळे अपभ्रंशात अर्थ सांगण्याची स्वतःची ‘शक्ती’ नसते, आणि ऐकणाऱ्याला अर्थ कळतो तो त्या शब्दात शक्ती आहे असा भ्रम झाल्यामुळे, असे त्यांना म्हणावे लागले. हा युक्तिवाद जितका नेटका तितकाच अवघडलेला आहे, कारण मग स्वयंपाकघरापासून बाजारापर्यंतचा माणसांचा सगळा व्यवहार एका अखंड भ्रमावर चाललेला आहे असे ठरते. अठराव्या शतकात काशीत राहिलेल्या नागेशभट्टाने, जो काळे या मराठी घराण्यातला होता, वैयाकरणांच्या बाजूने ही गाठ सोडवली. ज्यांना संस्कृतचा गंधही नाही त्यांना अपभ्रंशातून थेट अर्थ कळतो, मधे कोणत्याही साधु शब्दाची आठवण होत नाही, आणि पुढे तो अर्थ खोटाही ठरत नाही. तेव्हा अपभ्रंशातही शक्ती आहे असेच मानले पाहिजे, असा त्याचा निष्कर्ष आहे. पुण्याची मक्तेदारी मात्र त्यानेही साधु शब्दाकडेच राहू दिली. घरात मराठी बोलणाऱ्या पंडिताने घरच्या बोलीला अर्थाचा अधिकार दिला आणि पुण्याचा दिला नाही, ही गोष्ट त्या काळाच्या मर्यादेविषयी पुष्कळ सांगून जाते.

याहून धीट विचार मीमांसकांच्या एका लहानशा अधिकरणात, म्हणजे वादविषयाच्या प्रकरणात, आढळतो. वेदात पिक, नेम, तामरस असे काही शब्द येतात ज्यांचा अर्थ आर्यांच्या व्यवहारात लुप्त झाला होता आणि म्लेच्छांच्या, म्हणजे परभाषकांच्या, बोलण्यात टिकून होता. हे अर्थ व्युत्पत्तीच्या कसरती करून घरीच घडवावेत की म्लेच्छांकडून शिकावेत, असा प्रश्न उपस्थित करून मीमांसेचा भाष्यकार शबरस्वामी याने दुसरा पक्ष स्वीकारला: पिक म्हणजे कोकीळ, नेम म्हणजे अर्धा, तामरस म्हणजे कमळ. पाखरे पकडण्यात आणि पाळण्यात म्लेच्छ अधिक वाकबगार असतात, तेव्हा पाखराचे नाव त्यांनाच विचारावे, अशी त्याची व्यवहारी पुस्तीही आहे. सातव्या शतकातला कुमारिलभट्ट याच ठिकाणी द्रविड भाषेतले काही शब्द उदाहरणादाखल घेतो आणि त्यांना संस्कृतचे प्रत्यय चिकटवून भलताच अर्थ काढणाऱ्या पंडितांची चूक दाखवतो. द्रविडांचा ‘चोर्’ म्हणजे भात, त्यात संस्कृतातला चोर शोधणे हास्यास्पद आहे. वेदाच्या अर्थासाठी पारध्याच्या बोलीकडे जावे लागते हे एकदा मान्य केले की शुद्ध आणि अशुद्ध यांच्या मधली भिंत आतून पोखरली जाते. शबरस्वामीने ती पाडली नाही, परंतु तिला दार आहे हे त्याला ठाऊक होते.

या पार्श्वभूमीवर सोलापूरचे ग्रामदैवत कोण आहे हे पाहण्यासारखे आहे. बाराव्या शतकातले सिद्धराम, ज्यांना लोक सिद्धेश्वर आणि सिद्धरामेश्वर म्हणतात, हे बसवण्णा आणि अल्लमप्रभू यांच्या परंपरेतले शिवशरण, म्हणजे शिवभक्त. त्यांनी ‘कपिलसिद्धमल्लिकार्जुन’ या नाममुद्रेने कानडीत वचने रचली, आणि त्यांचे चरित्र राघवांक या कवीने कानडीतच काव्यबद्ध केले. ‘वचन’ हा छंदाच्या बंधनात न अडकलेला, बोलण्याच्या लयीत चालणारा लहानसा गद्यकाव्यासारखा प्रकार आहे, आणि तो निवडण्यातच शिवशरणांनी पतंजलीच्या नियमाला उत्तर दिले होते: देवाशी बोलायचे तर ज्या भाषेत मजुरीचा हिशेब होतो त्याच भाषेत बोलावे. कानडी वचनांतल्या त्यांच्या गावाचे नाव सोन्नलिगे, आणि तेच आजचे सोलापूर. बसवण्णांचा आरंभीचा काळ ज्या मंगळवेढ्यात बिज्जळ राजाच्या पदरी गेला तेही आज सोलापूर जिल्ह्यातले मराठी गाव आहे. याच जिल्ह्यात भीमा आणि सीना यांच्या संगमावरील हत्तरसंग कुडल येथे शके 940, म्हणजे इसवी सन 1018 चा शिलालेख आहे, जो सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी उजेडात आणला. त्याची शेवटची ओळ मराठी असून जो हा लेख वाचील तो विजयी होईल, असा तिचा अर्थ लावला जातो. जिल्ह्यातले जुने शिलालेख मोठ्या संख्येने कानडी आहेत, आणि त्यांच्या मेळ्यात ही एक मराठी ओळ वाटसरूला उद्देशून उभी आहे. कोणती भाषा या भूमीची मूळची, या वादात दोन्ही बाजूंचे अभिमानी या दगडांना साक्षीला बोलावतात. दगडांची साक्ष इतकीच आहे की येथे लिहिणाऱ्याला दोन्ही भाषा हाताशी होत्या आणि कोणती कोणासाठी वापरायची हे त्याला कळत होते.

सिद्धरामांच्या वचनांपैकी एखादे तरी मुळातून वाचलेले भाविक सोलापूरच्या मराठी घरांत विरळा. तरीही मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणारी त्यांची गड्ड्याची यात्रा ही या सगळ्या घरांची असते. पांढरी बाराबंदी घातलेले मानकरी सात नंदीध्वज, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘काठ्या’, तोलत शहरातून नेतात आणि सिद्धरामांनी स्थापिलेल्या मानल्या जाणाऱ्या अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक घडतो. यात्रेचा गाभा आहे तो अक्षता सोहळा. सिद्धरामांशी लग्न करण्याचा हट्ट धरलेल्या कुंभारकन्येला त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाह करण्याची अनुमती दिली, अशी कथा आहे, आणि त्या विवाहाची पुनरावृत्ती दरवर्षी तलावाकाठच्या संमती कट्ट्यावर होते. तेथे ‘संमती’ वाचली जाते. ती एक वाचायची पोथी आहे, आणि कट्ट्याला नाव तिचेच पडले आहे. वाचन चालू असता ‘सत्यम् सत्यम्, दिड्डम् दिड्डम्’ असा पुकारा होतो आणि हजारो हात एकाच वेळी अक्षता उधळतात. त्या गर्दीतल्या विणकराला, विडी वळणाऱ्या बाईला, अक्कलकोटकडून आलेल्या कानडी शेतकऱ्याला ‘दिड्डम्’चा कोशातला अर्थ विचारला तर उत्तरे एकसारखी येणार नाहीत. परंतु हात कधी उचलायचा हे कोणालाही विचारावे लागत नाही.

येथे निरुक्त या वैदिक शब्दांचा अर्थ लावणाऱ्या ग्रंथातला एक जुना वाद आठवणे भाग आहे. यास्काने कौत्स नावाच्या आचार्याचे मत नोंदवले आहे की मंत्र निरर्थक आहेत. त्यांतले शब्द बदलता येत नाहीत, क्रम बदलता येत नाही, आणि कर्म कोणते करायचे हे ब्राह्मणग्रंथ वेगळे सांगतातच, तेव्हा मंत्राचे काम अर्थ सांगणे हे असूच शकत नाही. यास्काने हे मत खोडून काढले आणि आंधळ्याला खांब दिसत नसेल तर तो खांबाचा अपराध नव्हे, असेही सुनावले. अक्षता सोहळ्यापुढे हे दोन्ही पक्ष थोडे थोडे अपुरे पडतात. पुकारा निरर्थक आहे असे म्हणता येत नाही, कारण त्याने एक निश्चित गोष्ट घडते. आणि तो अर्थवान आहे असे म्हटले तर तो अर्थ कोणत्या भाषेतला, याचे उत्तर देता येत नाही. बहुधा अशा शब्दाचा अर्थ तो उच्चारताना एकत्र आलेल्या माणसांच्या मान्यतेत असतो, आणि ‘संमती’ हे नाव त्या अर्थाने फारच नेमके पडले आहे.

मान्यतेचा हा मुद्दा शहराच्या पूर्वभागात अधिक स्पष्ट होतो. तेलंगणातून पिढ्यांपूर्वी येऊन हातमागावर आणि पुढे यंत्रमागावर बसलेला पद्मशाली समाज येथे मोठ्या संख्येने राहतो. सोलापुरी चादर ज्यांच्या हातांनी जगभर गेली त्यांपैकी बहुतेक हात याच घरांतले. हा समाज आपले मूळ मार्कंडेय ऋषींशी जोडतो, आणि कमळाच्या तंतूंपासून वस्त्र विणणारे भावनाऋषी हे त्याच वंशातले मानले जातात. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो आणि नवरात्राच्या दिवसांत बायका फुलांची बतुकम्मा रचून तिच्याभोवती तेलुगू गाणी म्हणत फेर धरतात. त्यांची तेलुगू ही आंध्रातल्या वर्तमानपत्राची तेलुगू नव्हे. तिच्यात बाजार, कारखाना आणि कचेरी यांचे शब्द मराठी झाले आहेत. इकडे शहराची मराठीही पुण्याच्या मराठीपासून तितकीच दूर गेलेली आहे: ‘काय करतो आहेस’ याऐवजी ‘काय करूलालास बे’ असे म्हणणारा सोलापूरकर त्या ‘बे’मध्ये जी जवळीक भरतो ती प्रमाण भाषेत कशी आणावी याचे उत्तर कोणत्याच व्याकरणात नाही. ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडाने 1906 मध्ये तेलुगूच्या बोलींची यादी देताना चांद्याकडच्या साळ्यांची साळेवारी आणि वडारांची वडारी या वेगळ्या नावांनी नोंदवल्या. साळेवारी हे नाव जातीवरून आले, वडारीही जातीवरून. म्हणजे बोलीला नाव देताना सर्वेक्षकाने कानाने ऐकले त्यापेक्षा समाजरचनेत पाहिले ते अधिक. आणि ज्या वडार समाजाची बोली तेलुगूखाली मांडली गेली तो समाज कानडी वचनकार सिद्धरामांना आपले गुरू मानतो. वर्गीकरणाची रेघ आणि भक्तीची रेघ एकमेकींना अशा छेदून जातात.

बोलीला नाव मिळते कसे, याचा सर्वांत बोलका इतिहास मात्र सोलापुरापासून फार दूर, आफ्रिकेच्या पूर्वेकडील डोंगराळ सरहद्दीवर घडला. झिम्बाब्वेचा मनिकालँड प्रांत आणि त्याला लागून असलेला मोझांबिकचा मनिका प्रांत या टापूत मन्यिका नावाची बोली बोलली जाते. मुटारे हे तिच्या प्रदेशातले मुख्य शहर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ‘मन्यिका’ हे नाव प्रामुख्याने मुटासा या राजघराण्याच्या सत्तेखालील लोकांना लागत असे. त्यानंतर तीन मिशनरी पंथ तेथे आले: जुन्या मुटारे येथे अमेरिकन मेथडिस्ट, पेनहालोंगा येथे अँग्लिकन आणि ट्रायशिल येथे मारियानहिलचे कॅथलिक संन्यासी. प्रत्येकाला लोकांच्या तोंडच्या भाषेत शुभवर्तमान पोहोचवायचे होते, आणि छापायला पुस्तक एकच असते. म्हणून दरीदरीला बदलत जाणाऱ्या बोलण्यातून एक रूप निवडले गेले, त्याचे वर्णलेखन ठरले, शाळेत ते शिकवले गेले, आणि त्या शाळांत शिकलेली पिढी स्वतःला मन्यिका म्हणू लागली. शहरांत आणि दक्षिण आफ्रिकेत चाकरीला गेलेल्या तरुणांनी ते नाव ओळख म्हणून आणखी पक्के केले. टेरेन्स रेंजर या इतिहासकाराने 1989 मध्ये ही प्रक्रिया उलगडून दाखवली आणि मन्यिका अस्मिता ही मिशनरी व स्थलांतरित मजूर यांनी मिळून घडवलेली वस्तू आहे, असे प्रतिपादन केले.

पुढचा टप्पा उलट दिशेचा. शेजारच्या मिशनांनी झेझुरू, करांगा, एनदाऊ या बोलींतही अशीच वेगवेगळी पुस्तके काढली होती, आणि सरकारला इतक्या लेखनपद्धती परवडत नव्हत्या. तेव्हा दक्षिण ऱ्होडेशियाच्या सरकारने क्लेमेंट डोक या भाषाशास्त्रज्ञाला पाचारण केले. डोक स्वतः पूर्वी लांबा लोकांमध्ये काम केलेला बॅप्टिस्ट मिशनरी. त्याने 1931 च्या अहवालात या सर्व बोली एकाच ‘शोना’ भाषेच्या शाखा ठरवल्या आणि लेखी प्रमाणभाषा मुख्यतः झेझुरू व करांगा यांवर उभी करावी, मन्यिका व एनदाऊ यांतून शब्दसंपत्ती घ्यावी, अशी शिफारस केली. अशा रीतीने तीसचाळीस वर्षांपूर्वी पुस्तकाने जिला भाषा केले होते तिला अहवालाने बोली केले. झिम्बाब्वेच्या 2013 च्या राज्यघटनेने सोळा भाषांना मान्यता दिली. त्यांत एनदाऊला स्वतंत्र जागा मिळाली, मन्यिका मात्र शोनाच्या पोटात राहिली. या सगळ्या काळात मुटासाच्या डोंगरांत राहणारी म्हातारी जे बोलत होती त्यात या शिक्क्यांमुळे लगोलग काही बदल झाला असेल, असे मानण्याचे कारण नाही. देवाच्या नावाचाही असाच वाद झाला: ‘म्वारी’ हे स्थानिकांचे परमेश्वरवाचक नाव इतर पंथांनी घेतले, कॅथलिकांनी काही काळ ते बाजूला ठेवून ‘यावे’ हे हिब्रूवरून आलेले नाव चालवले आणि पुढे पुन्हा म्वारीकडे वळले. नाव परके असले तर देव परका होतो, आणि नाव ओळखीचे असले तर त्याच्यासोबत जुना देव आत येतो. या पेचातून एकाही मिशनला सुटता आले नाही.

मराठीच्या दारातही हेच घडले आहे, मात्र निकाल वेगळा लागला. जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स याने 1616 मध्ये छापलेले ख्रिस्तपुराण ओवीछंदातल्या मराठीत आहे. त्याच लेखकाचे कोकणीचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर 1640 मध्ये रायतूर येथे छापले गेले. काव्यासाठी एक भाषा आणि लोकांना शिकवण देण्यासाठी दुसरी, असा भेद त्याच्या मनात स्पष्ट होता. ग्रियर्सनच्या सर्वेक्षणाने 1905 मध्ये कोकणी मराठीची बोली म्हणून नोंदवली. साहित्य अकादमीने 1975 मध्ये तिला स्वतंत्र साहित्यभाषा मानले, 1987 मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली आणि 1992 मध्ये घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. मन्यिका आणि कोकणी यांच्या नशिबातला फरक त्यांच्या व्याकरणात शोधून सापडणार नाही. भाषा आणि बोली हा भेद उच्चारांच्या, शब्दांच्या किंवा रूपांच्या अंतरावर मोजला जातो ही समजूत जितकी सार्वत्रिक तितकीच ती कच्ची आहे; नैयायिकांच्या परिभाषेत सांगायचे तर ‘भाषा’ हे नाव म्हणजे संकेत आहे, आणि तो संकेत ईश्वराचा नसून सभेचा, छापखान्याचा आणि राज्याचा आहे.

मग बोलीला भाषा करणारा धर्म आणि बोलीला तशीच राहू देणारा धर्म, यांत श्रेष्ठ कोणता? ग्रंथाचा धर्म सीमा आखतो, दैवताचा धर्म सीमा ओलांडतो, अशी सोपी विभागणी करून मोकळे होण्याचा मोह येथे होतो, आणि सोलापूर त्या मोहाला पुष्कळ खाद्य पुरवते. पंढरपूरचा विठ्ठल याच जिल्ह्यातला. वारकऱ्यांनी त्याला मराठीत आळवले आणि पुरंदरदासांसारख्या हरिदासांनी कानडीत, इतकेच नव्हे तर स्वतःच्या नाममुद्रेतच विठ्ठलाचे नाव ओवले. रा. चिं. ढेरे यांनी 1984 मध्ये या दैवताच्या अभ्यासग्रंथाला ‘एक महासमन्वय’ असे उपशीर्षक दिले ते उगाच नव्हे. परंतु समन्वयाला किंमतही मोजावी लागते. कानडी वचने सोलापूरच्या मराठी भाविकापर्यंत अर्थरूपाने फारशी पोहोचली नाहीत. त्याने सिद्धराम तलाव खोदणारे योगी म्हणून स्वीकारले, नंदीध्वज पेलले, पण कर्मकांडावर आणि जातिभेदावर शिवशरणांनी कानडीत काय म्हटले होते हे त्याच्या कानी पडले ते बहुधा उशिरा आणि अनुवादातून. न समजताही चालणारी भक्ती ही उदार असते खरी, पण तिला कोणी काही अडचणीचे सांगू शकत नाही. मन्यिकांच्या मिशनऱ्याने भाषेचे तुकडे पाडले असतील, तरी त्याने म्हातारीच्या हातात तिला वाचता येईल असे पुस्तक दिले. महानुभाव पंथाच्या नागदेवाचार्यांनी संस्कृतात ग्रंथ रचू पाहणाऱ्या केशिराजाला अडवले ते नेमक्या याच काळजीने, की चक्रधरांचे बोलणे मराठीत ऐकलेल्या सामान्य भक्तांना त्यामुळे वंचित व्हावे लागेल. पुण्य साधु शब्दात की अपशब्दात, हा प्रश्न नागदेवांनी सोडवला नाही. समजणे हाच ज्या भक्तीचा पाया आहे तेथे समजण्यापासून वेगळे पुण्य उरत नाही, असे त्यांच्या वागण्यातून दिसते, आणि पतंजलीने केलेली ताटातूट त्यांनी अशी कृतीने मिटवली.

राज्यसंस्थेला अर्थातच इतका धीर नसतो. महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने 1967 मध्ये दक्षिण सोलापूर, अक्कलकोट आणि जत या भागांतली 247 गावे कर्नाटकाला द्यावीत अशी शिफारस केली, ती अमलात आली नाही. आयोगाला गावाची भाषा टक्क्यांत मोजावी लागली, कारण गाव अर्धे या राज्यात आणि अर्धे त्या राज्यात ठेवता येत नाही. जनगणनेचेही तसेच. देशात 2011 साली लोकांनी मातृभाषा म्हणून सांगितलेली नावे 19,569 होती; छाननीनंतर त्यांच्या 1,369 मातृभाषा झाल्या, आणि त्यांचे गट पाडून दहा हजारांहून अधिक भाषक असलेल्या 121 भाषा उरल्या. साडेएकोणीस हजारांकडून एकशेएकवीसांपर्यंत येणारी ही उतरण म्हणजे महाभाष्यातल्या गायीची गोष्ट उलट्या बाजूने सांगणे आहे: गावी, गोणी, गोता, गोपोतलिका या सगळ्यांना पुन्हा ‘गो’च्या दावणीला बांधणे. पूर्वभागातल्या घरी गणकाने विचारले तर ‘तेलुगू’ असे उत्तर मिळते, आणि ते खरेच असते, जरी त्याच घरात आजी सुनेशी जे बोलते ते हैदराबादच्या पाहुण्याला दोनदा विचारावे लागते. उत्तर देणाऱ्याने त्या क्षणी संमती दिलेली असते. आपले बोलणे एका मोठ्या नावाखाली मोजले जावे याला.

लहान मूल भाषा कशी शिकते याचे मीमांसकांनी आणि नैयायिकांनी दिलेले वर्णन प्रसिद्ध आहे. त्याला ते ‘वृद्धव्यवहार’ म्हणतात, म्हणजे मोठ्यांचे वागणे पाहून होणारे शिक्षण: एक मोठा माणूस ‘गाय आण’ म्हणतो, दुसरा गाय आणतो, जवळ उभे असलेले मूल आधी अख्ख्या वाक्याचा अर्थ जाणते आणि मग ‘घोडा आण’, ‘गाय बांध’ अशी वाक्ये ऐकून कोणत्या शब्दाचा कोणता अर्थ हे वेगळे करत जाते. या वर्णनात कोश नाही, व्याकरण नाही आणि भाषेचे नावही नाही. त्या मुलाला आपण संस्कृत शिकतो आहोत की अपभ्रंश, हे ठाऊक नसते. अक्षता सोहळ्याच्या दुपारी संमती कट्ट्याजवळ वडिलांच्या खांद्यावर बसलेले पूर्वभागातले मूल याच रीतीने शिकत असते. त्याच्या मुठीत तांदूळ असतात, पुढे चाललेले वाचन त्याला कळत नाही, खालची आई तेलुगूत त्याला थांबायला सांगते, शेजारचा गडी मराठीत कोणाला तरी सरकायला सांगतो, आणि पुकारा होताच सगळ्यांचे हात वर जातात. पहिल्या वर्षी त्याचे तांदूळ उशिरा पडतात. दुसऱ्या वर्षी ते ‘दिड्डम्’वर पडतात.